वहिनी, तुमची टीम कुठली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की पुढचं सगळं मला पाठ आहे. आधी "अय्या, रग्बी?", मग "ते अंडाकृती बॉलवालं ना?", मग हमखास "आपल्या कबड्डीसारखंच असेल", आणि शेवटी मुद्द्याचं: "पण वहिनी, त्यात भारत कुठे खेळतो? मग रात्री-बेरात्री जागून तुम्ही बघता ते कुणासाठी? तुमची टीम कुठली?" हळदीकुंकवाला विचारून झालंय, बँकेत डबा खाताना विचारून झालंय. एका डेंटिस्टने तर तोंडात कापूस कोंबल्यावर विचारलं, म्हणजे उत्तराची अपेक्षा नसावी.

उत्तर छोटंच आहे: दक्षिण आफ्रिका. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. "तिकडे कोण असतं तुमचं?" कुणी नाही. डर्बन आणि केपटाउन मी नकाशातच पाहिलेत. मुलुंड ते फोर्ट आणि फोर्ट ते मुलुंड, एवढाच माझा रोजचा प्रवास.

कबड्डीचं आधी मिटवते. कबड्डीत पकडलेल्याला सोडायचं नसतं. रग्बीत ज्याला पाडलं त्याला लगेच सोडावं लागतं, पाडणाऱ्याने बाजूला व्हायचं आणि पडलेल्यानेही बॉल सोडायचा. खरी मारामारी त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत असते, बॉलवर आधी कोण झेपावतं याची. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचा खेळ आपोआप दिसायला लागतो. ते बसेपर्यंत मात्र नुसता ढीग दिसतो, हे मान्य.

आणि भारत खेळतो बरं का. आपला राष्ट्रीय संघ १९९८ पासून आहे, मुलींचाही आहे. २०१९ मध्ये मनिलाला आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला आपला तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटी शेवटी ती जिंकून देणारी पेनल्टी, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळालेली किक, मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. पण वर्ल्ड कपपर्यंत आपण पोचत नाही, म्हणून "कुणासाठी" हा प्रश्न उरतोच.

आपला खरा वाटा भलतीकडेच आहे. १८७० च्या दशकात कलकत्त्याच्या साहेबलोकांचा एक फुटबॉल क्लब होता, खेळायचे रग्बी. माणसं कमी होत गेली आणि १८७८ मध्ये क्लब गुंडाळला. बँकेत जी शिल्लक होती ती त्यांनी चांदीच्या रुपयांत काढून घेतली, २७० रुपये. ते वितळवून एक चषक घडवला, तीन नागांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती, आणि तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या 'कलकत्ता कप'साठी भांडतायत. (१९८८ मध्ये मॅचनंतरच्या रात्री दोघा खेळाडूंनी एडिनबराच्या रस्त्यावर तो लाथाडून पार चेपवला होता.) आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, मला यात खेळापेक्षा खातं बंद करायची पद्धत जास्त आवडते. दरवर्षी ती मॅच लागली की मी घरच्यांना सांगते, रुपये आपले आहेत. घरच्यांना आता तेही पाठ झालंय.

मला हे वेड लागलं ते कुंपणाबाहेर उभं राहून. मुंबईत रग्बी पावसाळ्यात चालतं, क्रिकेटवाले मैदान सोडून घरी बसतात तेव्हा. बॉम्बे जिमखान्याचं ते मैदान म्हणजे जिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, तेच. जुलैत तिथे नुसता चिखल असतो. सुरुवातीला जर्सीचे रंग कळतात, नंतर तीसही माणसं एकाच रंगाची होतात. मी नोकरीला नवीन होते, गाड्या बंद पडलेल्या, आणि छत्री धरून उभी होते. शेजारी फॅशन स्ट्रीटवरचा एक कपडेवाला उभा होता, माल प्लास्टिकखाली झाकून आलेला. तो मला सांगत होता, "मॅडम, बॉल पुढे फेकायचा नाही. हाताने मागेच." एवढे धिप्पाड लोक इतका वेळ बॉल मागे मागे देतायत आणि तरी पुढे सरकतायत, हे काही मला उलगडेना. गाड्या सुरू झाल्या तरी मी तिथेच होते.

बाकीचं शिकवलं रेफरीने. रग्बीत रेफरीच्या अंगावर माइक असतो आणि तो बोलतो ते सगळं टीव्हीवर ऐकू येतं. घरचे झोपले की हेडफोन लावायचे आणि समालोचकाकडे दुर्लक्ष करून याचं ऐकायचं. शिट्टी मारायच्या आधी तो बजावतो: हात काढ, बाजूला हो, मागे जा. शंभर किलोची माणसं त्याला 'सर' म्हणतात. स्क्रम लागतो तेव्हा दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांत डोकी घालतात, एकेका बाजूचं वजन नऊशे किलोच्या आसपास. हा शांतपणे म्हणतो, "क्राउच... बाइंड... सेट!" आणि धडक होते. बरेच प्रेक्षक स्क्रमच्या वेळी पाणी प्यायला उठतात. मी तेव्हाच पुढे सरसावून बसते. कुणाचं कोपर खाली गेलं, कुणाची पाठ वाकली, यावर तीन पॉइंटची पेनल्टी ठरते, आणि कैकदा अख्खी मॅचही.

वेळांचं विचाराल तर न्यूझीलंडची मॅच जुलैत दुपारी साडेबाराच्या सुमारास, ऑस्ट्रेलियाची चहाच्या वेळी, दक्षिण आफ्रिकेतली रात्री साडेआठला, जेवणं उरकून. युरोपातली संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कधीही. दाखवणार कोण, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. कधी या चॅनेलवर, कधी त्या ॲपवर, आणि एका ॲपने तर पैसे घेऊन हाफटाइमनंतर नुसतं फिरणारं चक्र दाखवलं. पण एक सुख इथे आहे ते लंडनला मिळणार नाही. क्रिकेटचा निकाल मुंबईत लपत नाही, वरच्या मजल्यावरची आरोळी आधी येते आणि आपल्या टीव्हीवरची विकेट नंतर. रग्बीचा निकाल मला या शहरात कुणीच सांगत नाही. शनिवारची मॅच मी बुधवारी बघितली तरी ताजी. ग्रुपवर नाही, गाडीत नाही, पेपरात असलाच तर खालच्या कोपऱ्यात दोन ओळी.

आता दक्षिण आफ्रिकाच का? इथे रग्बी बघणारे थोडके, त्यातले बहुतेक ऑल ब्लॅक्सवाले, म्हणजे न्यूझीलंडवाले, आणि खोदून विचारलं तर कारण निघतं हाका, त्यांचा मॅचआधीचा माओरी नाच. हाका बघून टीम ठरवायला माझी हरकत नाही, पण हाका संपल्यावर ऐंशी मिनिटं उरतात. मी स्प्रिंगबॉक्सच्या, म्हणजे आफ्रिकेच्या संघाच्या, नादी लागले ती २०१९ च्या फायनलला. योकोहामाला मॅच, म्हणजे आपल्याकडे शनिवारची दुपार, दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेलेला. इंग्लंडला ३२-१२ असं लोळवलं. कप उचलला सिया कोलिसीने, झ्वीडे नावाच्या गरीब वस्तीतला मुलगा, या संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. याच हिरव्या जर्सीत वर्षानुवर्षं फक्त गोऱ्यांना जागा होती, वर्णद्वेषापायी १९८७ आणि १९९१ च्या वर्ल्ड कपमध्ये या देशाला घेतलंही नव्हतं, आणि १९९५ मध्ये तीच जर्सी घालून मंडेला मैदानात उतरले. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी आवडला तो त्यांचा स्क्रम. इतिहास कळल्यावर माझी बाजू पक्की झाली, पण सोपी झाली असं म्हणणार नाही. एवढं सगळं पोटात घेऊन खेळणारा संघ दुसरा मला दिसत नाही.

२१ ऑक्टोबर २०२३ चा शनिवार घ्या. क्रिकेटचा वर्ल्ड कप आपल्याकडे, रग्बीचा फ्रान्समध्ये, आणि एकाच दिवशी दोन्हीकडे इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. दुपारी वानखेडेवर त्या उकाड्यात क्लासेनने ६७ चेंडूंत १०९ केल्या, आफ्रिकेच्या ३९९ झाल्या आणि इंग्लंड १७० वर आटोपलं. २२९ धावांनी. ऑफिसच्या ग्रुपवर धो धो मेसेज. रात्री साडेबाराला पॅरिसला सेमीफायनल लागली तेव्हा सप्तमीचा गरबा खेळून पोरं परतत होती. ग्रुपवर चिडीचूप. इंग्लंड १५-६ ने पुढे, सगळे पॉइंट एकट्या फॅरलच्या पायाचे. आफ्रिकेने बदली गडी आणले, स्क्रम इंचाइंचाने सरकायला लागला. स्नायमनने ट्राय केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला: त्याचे पाच पॉइंट, आणि त्यावरच्या किकचे, कन्व्हर्जनचे, दोन. मग अगदी शेवटी एका स्क्रमवर पेनल्टी मिळाली आणि पोलार्डने जवळजवळ मैदानाच्या मध्यावरून ती मारली. १६-१५. दुपारी दोनशे एकोणतीस, रात्री एक. सोमवारी बँकेत सगळे दुपारच्याच मॅचबद्दल बोलत होते. मीही बोलले.

पुढच्या शनिवारी फायनल, न्यूझीलंडशी, पुन्हा साडेबाराला. त्या रात्री कोजागिरी होती, म्हणजे वर्षातली एकमेव रात्र जेव्हा जागण्याचं कारण द्यावं लागत नाही. वर चंद्रग्रहण, एक वाजून पाच मिनिटांनी लागणार, दोन बावीसला सुटणार. सासूबाई ग्रहण पाळतात, त्यामुळे आटीव दूध दुसऱ्या दिवसावर गेलेलं. त्या हॉलमध्ये जपमाळ घेऊन बसल्या, मी हेडफोन घेऊन.

आफ्रिकेने आठ बदली खेळाडूंत सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममधले गडी, घेतले होते, मागच्या फळीसाठी एकच. हा जुगारच. आणि पहिल्या तीन-चार मिनिटांतच त्यांचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या मधोमध राहून पायाने बॉल मागे ओढणारा, म्बोनाम्बी जायबंदी. त्याच्या जागी आला सदतीस वर्षांचा डिऑन फूरी, जो मूळचा हुकर, पण बरीच वर्षं फ्लँकर म्हणून, स्क्रमच्या कडेला, खेळत होता. उरलेली मॅच त्याने काढली. ग्रहण लागायच्या सुमारास न्यूझीलंडच्या कर्णधाराचं, सॅम केनचं, पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर) लाल (उरलेली मॅच बाहेर) झालं. पुरुषांच्या फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. आता सोपं जाईल म्हणावं तर चौदा जणांनीच आफ्रिकेची दमछाक केली. बारा पॉइंट झाले ते चारही पेनल्ट्यांचे, पोलार्डच्या. तिकडे बॅरेटने ट्राय केला, मोउंगाचं कन्व्हर्जन हुकलं. १२-११. मग आफ्रिकेचा कोल्बे पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला आणि खुर्चीत जर्सीने तोंड झाकून बसला. मला ती सोय नव्हती.

"सुटलं का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं. त्या ग्रहणाचं विचारत होत्या.

"अजून तीन मिनिटं, आई," मी म्हटलं. मी मॅचचं सांगत होते. दोन्ही हिशेबांनी उत्तर जवळजवळ बरोबर निघालं. आफ्रिकेच्या ड्यू टॉयने त्या दिवशी २८ टॅकल केले, म्हणजे तितक्या वेळा बॉलवाल्याला पाडलं, आणि शेवटच्या शिट्टीला मी तोंडावर हात दाबून उडी मारली. सासूबाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता आंघोळ कर आणि झोप."

या गपचूप बघण्याची सवय फार वाईट. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, सात-सात जणांची. मुलगा घेऊन गेला. पहिल्यांदाच कुंपणाच्या आतल्या बाजूला, फ्लडलाइट, ढोल, बाजूला कॉलेजची पोरं किंचाळतायत. मी आपली ओठ घट्ट मिटून. मुलगा म्हणाला, "आई, ओरड ना, इथे आजी नाहीये." जमलंच नाही. शिवाय खरं सांगायचं तर सात जणांच्या रग्बीत मन रमत नाही माझं. वेग झकास आहे, ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून तेच असतं आणि फिजीचे खेळाडू त्यात जादू करतात, पण स्क्रम तिघा-तिघांचा. सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. आपल्याकडे खेळ वाढणार तो मात्र यातूनच, पंधरा जणांच्या मॅचला इथे तिकीट काढून कोण येणार?

पुढचा वर्ल्ड कप २०२७ चा, ऑस्ट्रेलियात, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर, पहिल्यांदाच २४ संघ. म्हणजे नवरात्रात सुरू होऊन दिवाळीनंतर संपणार. जागरण नाही, पण सिडनीतली रात्री आठची मॅच आपल्याकडे दुपारी अडीचला, नेमकी काउंटरवर रांग असते तेव्हा. फायनलचा दिवस मी कॅलेंडरात बघून ठेवलाय, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार आहे, बँक बंद. त्याआधीच्या मॅचेसचं कसं जमवायचं ते बघते. बँकांना पाच दिवसांचा आठवडा होणार, होणार असं केव्हापासून चाललंय, तोवर झाला तर बरंच.