सुतक आलंय, बुकिंग कॅन्सल करा

रात्री साडेनऊला फोन. "दादा, आमच्याकडं सुतक आलंय, उद्याचं कॅन्सल करावं लागतंय." नाशिकची फॅमिली, आम्ही दिवसावर देतो त्या वरच्या मजल्याचं दोन रात्रींचं बुकिंग, अक्कलकोट तुळजापूर गाणगापूर करून परत जाणार होते, २००० ॲडव्हान्स जीपेला आलेला. तेव्हा माझा नियम होता तीन दिवस आधी सांगितलं तर पैसे परत, नाहीतर नाही, आणि तो मी स्वतःच व्हॉट्सॲपवर टाकलेला होता त्यामुळं मी जरा ताठ होतो. बघतो म्हणून फोन ठेवला तर आई शेंगा निवडता निवडता म्हणाली, "सुतकातल्या माणसाचे पैसे ठेवून घेतो का रे?" झालं. पाठवले.

पंधरा दिवसांत अजून एकाकडं सुतक. मग अजून एकाकडं. मित्र म्हणाला, काय बे, तुझ्याच गिऱ्हाइकांच्या घरी सारखी माणसं कशी जातात? आता हे तपासायचं कसं? कोण गेलं, सख्खं का चुलत, दहा दिवसांचं का तीन, असं विचारायचं तोंड असतं का आपल्याला. त्यावरची कडी म्हणजे एक काकू, दुपारपासून तीनदा फोन, येणार म्हणतात, मग बघतो म्हणतात, शेवटी त्यांच्या मिस्टरांनी फोन घेतला आणि म्हणाले थोडी अडचण आलीय. मी शहाणा विचारतोय "काय अडचण?" बायकोनं माझ्या हातातला फोनच काढून घेतला.

तर जुळे सोलापुरात घराचा वरचा मजला, दोन खोल्या किचन आणि गच्ची, आम्ही दीड वर्षापासून दिवसावर देतोय, आणि कॅन्सलेशनचं काय ठेवलंय असं हल्ली दोघातिघांनी विचारलं म्हणून हे लिहितोय. आधी ॲपचं सांगतो. एअरबीएनबीवर, म्हणजे घर असं दिवसावर द्यायच्या ॲपवर, लिस्टिंग करताना कॅन्सलेशनची पॉलिसी निवडावी लागते. फ्लेक्झिबल म्हणजे चेक-इनच्या २४ तास आधीपर्यंत कॅन्सल केलं तर पूर्ण रिफंड, मॉडरेट म्हणजे ५ दिवस आधीपर्यंत, आणि फर्म म्हणजे पूर्ण पैसे हवे असतील तर ३० दिवस आधी सांगा. शिवाय नॉन-रिफंडेबलचा ऑप्शन असतो, गेस्टला १० टक्के कमी रेट, पण कॅन्सल केलं तर सहसा काही मिळत नाही. मी सुरुवातीला हिरोगिरी करून फर्म ठेवलं. दीड महिना एक बुकिंग नाही. तीर्थाला निघणारा माणूस महिनाभर आधी ठरवतच नाही हो, त्याला शनिवार-रविवारला जोडून सुट्टी दिसली, गाडीत जागा दिसली, की गुरुवारी बुकिंग आणि शुक्रवारी हजर, त्याला ३० दिवस काय नि ५ दिवस काय, बुकिंग केल्या मिनिटापासूनच पैसे अडकले. मग मॉडरेट केलं, मग फ्लेक्झिबल. बदललेली पॉलिसी फक्त नवीन बुकिंगला लागते, आधी झालेल्यांना जुनीच राहते, हे लक्षात ठेवा.

मग बसून हिशेब केला की कॅन्सल झालं तर माझं खरंच जातं काय. साध्या मंगळवारी कोणी आदल्या दिवशी नाही म्हणलं तर साफसफाईच्या मावशींचे २०० रुपये आणि धुऊन इस्त्री केलेल्या चादरी, बास. त्या दिवसासाठी मी दुसऱ्या कुणाला नाही म्हणलेलंच नसतं, मग त्याचे १८०० ठेवून घ्यायचा मला हक्क तरी कसला? पण गड्ड्याच्या दिवसांत तसं नसतं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षता सोहळा, नंदीध्वज, बाहेरगावी गेलेला सोलापूरकरही तेव्हा घरी येतो आणि येताना चार पाहुणे घेऊन येतो, त्या तारखांना मी चार-पाच जणांना नाही म्हणून बसलेलो असतो आणि अशात एकानं १२ तारखेला रात्री कॅन्सल केलं की ते चार-पाच जण कधीच दुसरीकडं गेलेले असतात. तसंच आषाढी-कार्तिकीला, पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते म्हणून लोक ७०-७५ किलोमीटरवर इथं राहतात. कोजागरीला तर सोलापूर ते तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्यांनी भरलेला असतो, वाहनं वळवतात, आणि गेल्या वेळी गाडी लांबून न्यावी लागतीय म्हणून एकानं ऐनवेळी रद्द केलं होतं. ते पैसे मात्र मी ठेवले आणि आईही काही बोलली नाही.

म्हणजे पॉलिसी घरावर नाही, तारखेवर ठेवायची, असं माझं मत झालंय. ॲपवर फ्लेक्झिबल आहे. थेट फोनवरच्या बुकिंगला गर्दीच्या तारखांसाठी १० दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर अर्धे, आणि आदल्या दिवशी शून्य, बाकी वर्षभर आदल्या संध्याकाळपर्यंत सांगा आणि पैसे घेऊन जा. कारण सांगायचंच नाही. हे सगळ्यात बरं झालं. सूट कारणावर असली की माणूस कारण तयार करतो, किंवा त्या काकूंसारखं खरं असून सांगता येत नाही.

आणि थेट बुकिंगवाल्यांनो, तो ॲडव्हान्स खर्च करू नका. ॲपवर पैसे साधारण गेस्ट आल्यावर दुसऱ्या दिवशी सुटतात त्यामुळं रिफंड आपल्या खिशातून जातोय असं वाटत नाही, जीपेवर आलेला मात्र आपल्याला आपलाच वाटतो. माझ्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये तिघांचा ॲडव्हान्स होता आणि त्यातला एकजण फिरला, तेव्हा मेहुण्याकडं हात पसरावा लागला.

एक गोष्ट कुठल्याही पॉलिसीत बसवता आली नाही, पेशंटचे नातेवाईक. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडचे लोक उपचारांना सोलापुरात येतात, आठ दिवसांसाठी खोली घेतात. कधी पेशंटला लवकर डिस्चार्ज मिळतो, कधी दुसरंच होतं. एकदा एक पोरगा सकाळी सहाला किल्ली द्यायला आला, काही बोलला नाही, नुसती किल्ली पुढं केली. उरलेल्या पाच रात्रींचे पैसे दुपारी त्याच्या नंबरवर टाकले. यासाठी कसली पॉलिसी लिहिणार.

बाकी देवाला येणाऱ्यांसाठी रिफंडपेक्षा तारीख बदल जास्त चालतो. दर्शन राहिलेलं असतं, नवस बोललेला असतो, ते येणारच असतात. सहा महिन्यांत कधीही या म्हणलं की बहुतेक जण पैसे मागतच नाहीत. नाशिकवाल्यांना मी पैसे परत दिले होते तरी चैत्रात आलेच, येताना द्राक्षांची पेटी.

आणि आपल्याकडून रद्द करायची वेळ आली तर घासाघीस नको. एकदा नळाला पाणी आलं नाही, टँकरही मिळेना, पाहुणे टेंभुर्णीपर्यंत पोचलेले. पूर्ण पैसे परत आणि ओळखीच्या लॉजवर खोली बघून दिली. ॲपवरचं बुकिंग असतं तर दंड वेगळा बसला असता.

आता परवाचीच भानगड. नागपूरचे एक काका, ५ ते ७ जुलैचं बुकिंग केलेलं, कारण २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, एकादशी २५ जुलैला गेलीय. त्यांच्या सुनेनं कॅलेंडर उघडलं तेव्हा कळलं. तारीख बदलून द्या म्हणतात, आणि माझा नियम असा की साध्या दिवसाचं बुकिंग गर्दीच्या दिवसात त्याच रेटनं सरकवता येणार नाही, रेट जवळजवळ दुप्पट असतो तेव्हा. फरक भरा म्हणलं तर काका म्हणाले, "अहो मला कुठं माहीत होतं अधिक महिना आहे."

आईला अजून सांगितलेलं नाही.