त्रिनिदादचे सात बंगले: सकाळी जा, मी दुपारी गेले आणि फसले

नवऱ्याचं त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला काम निघालं म्हणून मीपण मागे लागून गेले. कॅरिबियन म्हणजे बीच असं सगळ्यांना वाटतं, मलापण वाटायचं, पण मी तिथे चार दिवस फक्त जुन्या इमारती बघत हिंडले.

क्वीन्स पार्क सवाना हे शहरातलं भलंमोठं मैदान. त्याच्या पश्चिमेला मॅरावल रोडवर ओळीने सात इमारती आहेत, मॅग्निफिसंट सेव्हन म्हणतात त्यांना. आपल्या अंधेरीच्या सात बंगल्यांसारखंच, फक्त इथले सातही अजून उभे आहेत! जवळपास सगळे 1904 च्या आसपासचे, कोकोच्या धंद्यात पैसा होता तेव्हाचे. आता माझी चूक ऐका. इमारतींची तोंडं पूर्वेला आहेत आणि मी गेले दुपारी तीनला, त्यामुळे सूर्य बरोबर इमारतींच्या मागे, सगळे फोटो काळेकुट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गेले तेव्हा कुठे क्वीन्स रॉयल कॉलेजच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर छान ऊन मिळालं. दक्षिणेकडून म्हणजे कॉलेजपासून सुरू करा आणि चालत उत्तरेला स्टोलमायर्स कॅसलपर्यंत जा. हा कॅसल म्हणजे स्कॉटिश किल्ल्याची नक्कल, नारळाच्या झाडांच्या देशात जरा विनोदीच दिसतो.

या सातांतलं मला सगळ्यात आवडलं ते मिल फ्लर्स. कित्येक वर्षं पडीक होतं, आता दुरुस्त केलंय आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं ऑफिस तिथेच आहे. व्हरांड्याची लोखंडी जाळी जवळून बघा, क्रोशाची लेस टांगल्यासारखी दिसते. आतून बघायचं असेल तर आधी फोन करून विचारा. बाकीच्यांपैकी काही सरकारी आहेत, काही खाजगी, ती गेटवरूनच बघावी लागतात. नेल्सन बेटाच्या बोटीच्या सहलीचीपण इथेच चौकशी करा, भारतातून आणलेल्या मजुरांना आधी त्या बेटावर उतरवायचे. आमचा त्या आठवड्यात योग आला नाही.

जाताजाता सवानाच्या दक्षिण बाजूचं जिंजरब्रेड हाऊसपण बघा, लाकडी नक्षीचं छोटंसं घर. 2008 मध्ये विकायला निघालं तेव्हा पाडतील म्हणून लोकांनी मोहीम चालवली होती, म्हणून आज दिसतंय. इथे पाऊस, ओल आणि वाळवी, लाकडी घर एकदा दुर्लक्षात गेलं की संपलंच.

रेड हाऊस म्हणजे तिथली संसद, वुडफर्ड स्क्वेअरला. 1903 मध्ये पाण्याच्या दरांवरून दंगल झाली तेव्हा जळलं, 1907 मध्ये परत उभं राहिलं, मग इतकी वर्षं दुरुस्ती रखडली की संसद दुसरीकडे हलवली, ती 2020 मध्ये परत आली. दुरुस्तीसाठी खणताना 2013 मध्ये खाली मूळ रहिवाशांची हाडं सापडली! म्हणजे वारसा म्हणून जे वाचवत होते त्याच्या खाली त्याहून जुना वारसा. त्या भागात संध्याकाळी चालत फिरू नका, आम्हाला हॉटेलवाल्यांनी बजावलं होतं आणि आम्ही ऐकलं.

शेवटचा दिवस वॉटर्लू गावाच्या समुद्रातल्या मंदिरासाठी ठेवा. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट बसस्थानकावरून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी (म्हणजे मिनीबस) चगुआनास शहरापर्यंत, तिथून टॅक्सी. सुटे टीटी डॉलर (तिथलं चलन) ठेवा. चगुआनासला डबल्स खा, म्हणजे 'बारा' नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोले, तिखट 'स्लाइट' सांगा नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. तिथेच मेन रोडवर लायन हाऊस आहे, लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या आजोळचं घर, दर्शनी भागात सिंह, एकदम उत्तर हिंदुस्थानी थाटाचं.

मंदिराची गोष्ट अशी की सेवदास साधू नावाच्या मजुराने 1947 मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं, ते पाडलं आणि त्याला 14 दिवस जेल झाली. मग तो म्हणाला समुद्र तर कुणाचा नाही ना, आणि सायकलवरून दगड वाहून पाण्यात भर घालत पंचवीस वर्षं बांधत राहिला. आत्ताचं अष्टकोनी देऊळ मात्र 1995 चं, जुनं लाटांनी खाल्लं होतं. याला जतन म्हणायचं की नवं बांधकाम, यावर नवऱ्याशी माझं भांडण झालं. माझं मत, जागा आणि भर त्याचीच आहे, तेवढं पुरे.

ओहोटीला आजूबाजूला नुसता चिखल दिसतो, भरतीची वेळ बघून जा. आणि परतीची टॅक्सी आधीच ठरवा. आम्ही ठरवली नव्हती, तासभर बांबूवरच्या रंगीत झेंड्यांखाली बसून होतो.