कात्री, डिंक आणि एकविसावी जोडी

१९७८ च्या दहावीत मला एकच बक्षीस मिळालं, तेही कार्यानुभवात. घोटीव कागदाचं चित्र होतं. घरी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाई मात्र कात्री हातात देताना दर वेळी बजावायच्या, "आधी मोज, मग काप."

मुंबईत एम.एस्सी. करून एका रुग्णालयाच्या जनुकशास्त्र विभागात लागले, तर पहिल्याच आठवड्यात समोर काय आलं? कात्री आणि डिंक! बाळाच्या रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, कोल्चिसिन घालून त्यांचं विभाजन मध्येच थांबवायचं, क्षाराच्या पातळ पाण्यात त्या टम्म फुगवायच्या आणि गार काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा. पेशी फुटली की गुणसूत्रं पसरतात, शेवया सांडाव्यात तशी. मग फोटो, डार्करूम, आणि फोटोतली एकेक शेवई कापून जोडीजोडीने चिकटवायची. पंखा बंद ठेवून. एकदा नव्या शिपायाने बटण दाबलं आणि तास-दीड तासाचं काम टेबलाखाली गेलं.

माणसात ४६ गुणसूत्रं हे आपण शाळेत घोकलं. पण १९५६ पर्यंत जगभर ४८ च शिकवत. त्जिओ आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजली, तेव्हा दोन कमी भरली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दिसलं की डाउन सिंड्रोमच्या मुलांत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. नाव झालं लेज्यून यांचं. पेशी वाढवायची सोय तिथे उभी केली होती मार्थ गोतिए यांनी, आणि त्या कित्येक वर्षं मागेच राहिल्या. हे मला अजून खुपतं.

नव्वदच्या दशकातलं एक कुटुंब आठवतं. पहिलं बाळ डाउन सिंड्रोमचं. सासूबाई ओपीडीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या माहेरचंच काहीतरी असणार." सून खाली मान घालून बाळाचं टोपडं नीट करत राहिली. तपासणीत बाळाची गुणसूत्रं भरली बरोबर ४६, आणि बाळाच्या वडिलांची ४५. मी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून आजींपुढे मांडल्या. तुमच्या मुलाचं एक एकविसावं गुणसूत्र चौदाव्याला चिकटलंय. ऐवज सगळा आहे, म्हणून तो धडधाकट. नातवाला एकविसावी सुटी दोन मिळाली आणि वर ही चिकटलेली जोडपट्टी. मोजणीत जास्त काही दिसत नाही, पण ऐवज जास्तच. आजींनी ती पट्टी उचलून दोनदा ओढून बघितली, सुटते का म्हणून. सुनेकडे बघितलं नाही. पण बाहेर पडताना बाळ त्यांनी स्वतःच्या कडेवर घेतलं.

पुढच्या खेपेला सोळाव्या आठवड्यात सुनेचं गर्भजल घेतलं. पेशी वाढायला जवळजवळ दोन आठवडे. त्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील का, ही धास्ती वेगळीच. शेवटी सगळं ठीक निघालं. आजी पाठोपाठ जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, पेढे आणू की बर्फी?"

मुलगा की मुलगी, आम्हाला ते दिसतच असतं. शेवटची जोडी जुळवल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. पण रिपोर्टात ते लिहायचं नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायचं नाही. त्याआधी याच गर्भजलाचा बाजार मुंबईत आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे मला कायद्याचा काच कधी वाटला नाही. लोक मात्र खुणा शोधतात. डॉक्टर हसले का, "अभिनंदन" म्हणाले का! मी तर रिपोर्ट देताना टेबलावर गुलाबी फाइलसुद्धा ठेवत नसे. आजींना म्हटलं, "मला गोड चालत नाही."

पुढे काम डीएनएकडे वळलं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांत नऊ वर्षं गेली. कात्री ड्रॉवरात गेली. गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात तरंगत असतो हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि आता नुसत्या आईच्या रक्तावरून चाळणी होते. चाळणीच बरं का. त्यात काही सापडलं, तर खात्रीला अजून गर्भजलासारखी तपासणीच लागते.

आजींच्या त्या पेढे-बर्फीच्या प्रश्नानंतर सहा-सात महिन्यांनी प्रयोगशाळेत मिठाईचा खोका आला होता. वर सुनेच्या माहेरचं आडनाव, आणि अक्षर आजींचं. चहाच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून तो संपवला. आत पेढे होते की बर्फी, ते मी इथेही सांगणार नाही.