तुम्ही विचारलंत म्हणून: जपानमध्ये मासे न खाता ओमेगा-3 चं काय?

ओमेगा-3 म्हणजे शरीराला लागणारं पण त्याला स्वतः बनवता न येणारं स्निग्ध. थोडक्यात उत्तर हवं असेल तर सुपरमार्केटमधलं साधं कनोला तेल, तोफू आणि एगोमाच्या (पेरिला नावाच्या झाडाच्या बियांच्या) तेलाचा एक छोटा चमचा. संपलं. पण एवढ्यावर कुणाचंच समाधान होत नाही. टोकियोतल्या निशी-कासाईच्या भारतीय दुकानात तूरडाळीची पिशवी उचलताना, गणपतीच्या कार्यक्रमात, सोलापूरच्या फोनवर, पुढचा प्रश्न ठरलेलाच: "पण जपानी लोक मासे खातात म्हणूनच एवढं जगतात ना? मग मुलीच्या गरोदरपणात तू काय केलंस?" विचारणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. शाकाहाऱ्यांना माझ्याकडून 'काही बिघडत नाही' असं ऐकायचं असतं, आणि कोकणातल्या मंडळींना 'हरले बाई, खायला लागले' असं. आज एकदाच सगळं लिहून ठेवते. यापुढे विचारलंत तर हेच वाचायला देईन.

आधी आकडे. जपानचं आरोग्य मंत्रालय दर पाच वर्षांनी आहाराची मानकं काढतं. माझ्या वेळी 2020 ची आवृत्ती लागू होती. दिवसभराच्या ऊर्जेपैकी 20 ते 30 टक्के स्निग्ध पदार्थांतून, मोठ्यांसाठी संपृक्त (तुपालोण्यात असतं तसलं) स्निग्ध 7 टक्क्यांच्या आत, गरोदर बाईला ओमेगा-3 चं भावंड ओमेगा-6 रोज 9 ग्रॅम आणि ओमेगा-3 रोज 1.6 ग्रॅम. 2000 कॅलरी खाणाऱ्याला 20 ते 30 टक्के म्हणजे 44 ते 67 ग्रॅम. त्यात फोडणीचं तेल आलं, तसा दाण्याचा कूट आला, दूध आलं, सगळंच आलं. संपृक्तचे 7 टक्के म्हणजे जेमतेम साडेपंधरा ग्रॅम. पोळीवर सढळ हातानं घेतलेलं मोठा चमचाभर तूप त्यातले निम्म्याहून जास्त एकटंच खाऊन टाकतं.

हे सगळं मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पाचवा महिना होता. कोरोनामुळे गरोदर बायकांचे वर्ग बंद होते, म्हणून आरोग्य केंद्रात पोषणतज्ज्ञ बाईंनी एकटीलाच बोलावलं होतं. खाल्लेलं सगळं लिहून आणायचं होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: पोहे, शेंगाची चटणी, दाण्याची आमटी, थालीपीठ, दही, तूप, पुन्हा शेंगाची चटणी. सोलापूरच्या लिंगायत घरातली मुलगी आणखी काय लिहिणार?

बाईंनी पेन्सिलीनं हिशोब मांडला. स्निग्ध पदार्थ तीस टक्क्यांच्या वर. ओमेगा-6 भरपूर. ओमेगा-3 च्या रकान्याशी पेन्सिल थांबली. मग त्यांनी मागच्या कपाटातून प्लास्टिकचे खाद्यपदार्थ काढून टेबलावर मांडले. इथे सल्ला देताना वापरतात ते, हुबेहूब खऱ्यासारखे. भाताची वाटी, पालक, आणि भाजलेल्या साबाचा (बांगड्यासारख्या माशाचा) तुकडा, कडेला करपलेली कातडीसुद्धा रंगवलेली. तो त्यांनी हळूच माझ्या बाजूला सरकवला. एवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा?

मी म्हटलं, मी मासे खात नाही. बरं, डब्यातला ट्यूना? नाही. भातावर भुरभुरायचे बारीक सुके मासे? नाही. सूपमधला बोनितो माशाचा अर्क तरी चालत असेल? तोही नाही, मी कोम्बूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, करते. प्रत्येक 'नाही'ला त्या मान लववत होत्या, आवाज एकदाही चढला नाही, आणि शेवटी तितक्याच मऊपणे म्हणाल्या, "बाळासाठीसुद्धा नाही?"

यावर काय बोलायचं असतं सांगा. ओरडल्या असत्या तर भांडता आलं असतं. मी माझ्या मोडक्या जपानीत आजीचं सांगायला लागले. तिनं नऊ बाळंतपणं मासा न बघता काढली, नव्वदीपर्यंत जगली. सांगता सांगताच मला आठवत होतं की त्या नऊतली सहाच जगली. ते मी सांगितलं नाही. बाई ऐकून घेत होत्या आणि तो प्लास्टिकचा मासा सगळा वेळ माझ्या कोपरापाशी होता. निघताना त्यांनी एक पत्रकही दिलं, गरोदरपणात कोणता मासा किती खावा याचं. त्यात होतं की पाऱ्यामुळे मोठ्या जातीचा ट्यूना बेतानं खा. म्हणजे खाणाऱ्यांनाही सुख नाही. ट्रेनमध्ये मला हसू आलं आणि घरी आल्यावर रडूही.

नवरा मालवणचा. तो काही बोलला नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "बाय, बाळ होईपर्यंत तरी खा गो, देव काय म्हणत नाय." मी आईला विचारलं, मग जवसाची चटणी खाऊ का, जवसात ओमेगा-3 असतं. आई म्हणाली, "जवस उष्ण, पोटुशीनं हात लावायचा नाही." इकडून मासा खा, तिकडून जवस नको. मधे मी.

मग मी ती मानकं मुळातून वाचायला घेतली. रागानं वाचली हे कबूल करते. आणि तिथे मला कळलं की हा 1.6 ग्रॅमचा आकडा कुणा शास्त्रज्ञानं 'यापेक्षा कमी पडलं तर बाळाला अपाय' असं तपासून काढलेला नाही. गरोदर जपानी बायका एरवी जेवढं ओमेगा-3 खातात त्याचा मध्यक घेतला, त्यांच्यात कमतरतेची लक्षणं दिसत नाहीत, म्हणून तेवढं पुरेसं मानलं. निम्म्या जपानी बायकाही त्याच्या खालीच असणार! आणि हा देश स्वतः मासे सोडत चाललाय. 2001 मध्ये माणशी वर्षाला 40 किलोच्या वर मासे लागायचे, 2011 च्या सुमारास मांसानं माशांना मागे टाकलं. लोक असेच कमी खात गेले तर याच पद्धतीनं काढलेला आकडाही खाली येईल. मग माझ्या कोपरापाशी कशाला सरकवता तो तुकडा?

त्या वेळी मला वाटलं, जिंकले. आता तेवढं वाटत नाही. 2006 साली जपानमधलाच एक मोठा अभ्यास आला होता, चाळीस हजारांवर माणसांचा, अकरा-एक वर्षांचा. सर्वांत जास्त मासे खाणाऱ्यांत हृदयविकार सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 37 टक्क्यांनी कमी दिसला. तेव्हाची मी लगेच म्हणाले असते की त्यातले 'कमी खाणारे'ही आठवड्यातून एकदा खाणारे होते, शाकाहारी नव्हे, तेव्हा याचा माझ्याशी संबंध काय? मुद्दा बरोबरच आहे. पण म्हणून त्या 37 टक्क्यांकडे डोळेझाक करता येत नाही.

आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांसाठी, जे 'जपानी लोक तेल खातच नाहीत, आम्ही बंद करतो' म्हणतात: 20 टक्क्यांची खालची मर्यादा उगाच नाही. 1950 च्या दशकात जपानी ताटात स्निग्धाचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली होता, मीठ मात्र भरमसाट. 1951 पासून 1980 पर्यंत या देशात मृत्यूचं पहिलं कारण होतं पक्षाघात. संपृक्त स्निग्ध फारच कमी खाणाऱ्यांत मेंदूतला रक्तस्राव जास्त दिसतो, म्हणून 2010 च्या आवृत्तीत त्यालाही साडेचार टक्क्यांची खालची रेघ होती. पुढे ती काढली. तेव्हा बिनतेलाच्या भाजीला कृपा करून जपानी म्हणू नका.

मी प्रत्यक्षात काय केलं ते फार साधं होतं. भारतीय दुकानातून सूर्यफुलाचं तेल आणायचे, ते बंद केलं. शेंगदाण्यात नि सूर्यफुलात ओमेगा-3 जवळजवळ नसतंच. आमची सोलापुरी चव जिथून येते तिथेच गळती होती. इथलं स्वस्तातलं कनोला घेतलं. त्याच्या मोठ्या चमचाभरातून एक ग्रॅमच्या आसपास मिळतं. वर एगोमाचं तेल, तापवायचं नाही, वरणभातावर कच्चं. छोट्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर. चवीला ओल्या गवतासारखं लागतं, नाक दाबून गिळलं. मानकांत ओमेगा-3 ची एकच बेरीज असते, वनस्पतीचं आणि माशाचं वेगळं मोजत नाहीत, त्यामुळे कागदावर मी पास झाले. पुढच्या भेटीत बाईंनी 'छान' म्हणून टिक केली.

पण वनस्पतीतल्या ओमेगा-3 चं शरीरात डीएचए (माशांत तयार मिळणारं ओमेगा-3) होतं ते फार थोडं, आणि बाळाच्या मेंदूला लागतं ते डीएचए. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. दोघी गप्प बसलो. मी नंतर शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या गोळ्याही घेतल्या, नवऱ्याखेरीज कुणाला न सांगता. त्या लागल्या की नाही लागल्या, आता कसं कळणार?

मुलगी पाळणाघरात जाते. प्रवेशाच्या फॉर्मवर 'काय देऊ नये' असा रकाना होता. मी तो रिकामा सोडला. ती तिथे मिसोतला (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यातला) साबा खाते आणि सासूबाईंना फोनवर वर्णन करून सांगते. माझ्या आईला ठाऊक आहे, ती त्यावर बोलत नाही. घरी मी मासा शिजवत नाही, नवरा शेजारच्या रत्नागिरीकरांकडे जाऊन रव्यातला बांगडा समजून साबा खाऊन येतो. हे विसंगत आहे, हेही मला सांगून झालंय, बऱ्याच जणांचं.

तर 'मासे सुरू करू का' हे कृपा करून मला विचारू नका. तेलाची बाटली कोणती वापरता ते दाखवा, त्यावर मी बोलेन. जवस उष्ण की नाही, ते आईला विचारा. ती फोन उचलते, दुपारी चारनंतर.