एक्सरची जहाजं

रविवार

भाची न्यूकॅसलला शिकते. काल ती हार्टलपूलला जाऊन आली आणि रात्री फोटोंचा नुसता मारा. तिथे समुद्रकाठी आरमाराचं संग्रहालय आहे आणि त्यातलं मुख्य आकर्षण आपल्या मुंबईचं, 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली मलबारी सागवानात बांधलेलं, अजून तरंगतंय! "मामा, तुमच्या गोदीतल्या लाकडाला हात लावून आले," असं वर ऐटीत लिहिलंन. गोदी इथे, पण ती नौदलाची. माझ्यासारख्याला आत कोण घेतंय?

मग आज सकाळी उठून बोरिवलीतल्या एक्सरला गेलो. मेट्रोचं स्टेशन झाल्यापासून हे नाव सगळ्यांना ठाऊक झालंय, पण तिथल्या वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचं, विचारलं तर रिक्षावाल्याने मान हलवली. इमारतींच्या दाटीत, गल्लीच्या आत ते उभे आहेत. मोठे तर दहा फुटांच्या आसपास.

वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई, मग पडलेल्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. इतर ठिकाणी खाली गायी नाहीतर घोडे असतात, इथे काही दगडांवर चक्क जहाजं आहेत. दगड झिजलेला, समोरून बघितलं तर काळपट खडबडीतपणाशिवाय काही दिसेना. मोबाइलचा टॉर्च बाजूने अगदी तिरपा धरला, आणि एकेक आकार वर आला. उंच उचललेली टोकं, डोलकाठ्या, आणि खाली गोमेच्या पायांसारखी वल्ह्यांची रांग. बराच वेळ त्या वल्ह्यांवरच उजेड फिरवत बसलो. एक आजी फुलं वाहायला आल्या, त्यांनी माझ्या टॉर्चकडे बघितलं आणि काही न बोलता बाजूने वाट काढली.

ही लढाई कोणाची यावर एकमत नाही. बरेच अभ्यासक ती १२६५च्या सुमाराची मानतात, ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली. सोमेश्वर समुद्रात बुडाला. यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, लिहून ठेवलंय की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातली आग, बरा वाटला. जिंकणाऱ्याचा कारभारी दुसरं काय लिहिणार! पण हे दगड जर त्याच लढाईचे असतील, तर ते बहुधा हरलेल्यांच्या मुलखात उभे आहेत, आणि त्यांच्यावर वल्ही मारणाऱ्यांनाही जागा मिळालीये. हेमाद्रीच्या श्लोकात त्यांना ती नाही.

भाचीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "तिकीट किती?" फुकट म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. डिसेंबरात येतेय, तेव्हा चांगला टॉर्च घेऊन दोघं जाऊ.