चुंबकाने जुळणारे ठोकळे : आमची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करण्यापासून आमचे काम सुरू झाले. दुरुस्ती शिकायला येणाऱ्या मुलांना सोल्डरिंग न करता सर्किट जोडून पाहता यावे, एवढ्यासाठी आम्ही बटण, बझर, दिवा आणि मोटर यांचे वेगवेगळे ठोकळे केले आणि ते चुंबकाने जुळवायचे ठरवले.

पहिल्या नमुन्यात वीज चुंबकातूनच नेली, ही आमची सर्वांत मोठी चूक. साधा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो आणि कथील-शिशाचे सोल्डर वितळायलाच १८३ अंश लागतात. त्यामुळे तार जोडतानाच चुंबकाचा जोर उतरे, आणि पुढे वापरात निकेलचा मुलामा झिजून संपर्क तुटू लागे. तेव्हापासून चुंबकाने फक्त ओढून धरायचे आणि वीज पोगो पिनांनी, म्हणजे आतल्या स्प्रिंगमुळे दाबल्या जाणाऱ्या बारीक धातूच्या पिनांनी, न्यायची, अशी वाटणी केली. पाच व्होल्ट, संकेत (सिग्नल) आणि ग्राउंड (वीज परतण्याची वाट) अशा तीन पिना बसवल्या. स्प्रिंग कडक घेतली तर ती ठोकळ्यांनाच दूर ढकलते, नरम घेतली तर शेजारच्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू मध्ये अडकून संपर्क ढिला पडतो. हा मेळ बसवण्यात आमचे सर्वाधिक दिवस गेले.

दिशेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. प्रत्येक ठोकळ्याच्या उजव्या कडेला दोन्ही चुंबकांचे उत्तर ध्रुव बाहेर आणि डाव्या कडेला दक्षिण ध्रुव बाहेर ठेवल्याने उजवी कड उजव्या कडेला जोडू गेल्यास ठोकळे एकमेकांना लोटतात. पालथा ठेवलेला ठोकळा मात्र तरीही चिकटत असे, म्हणून कडेला एका बाजूस खाच आणि समोर उंचवटा दिला.

पुढे टेबलावरून पडलेल्या एका ठोकळ्यातून डिंकाने बसवलेला चुंबक सुटून निघाला, तेव्हा आम्ही हादरलो. लहान मुलाने असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. परंतु तो नियम नसता तरी आम्ही चुंबक पक्का बंद केलाच असता, कारण हे ठोकळे मुलांच्याच हाती जातात. आता ठोकळ्यातल्या सर्किट बोर्डाचे सोल्डरिंग होऊन तो थंड झाल्यावरच चुंबक आवरणातल्या बंद खोबणीत जातो, आणि डिंकाचे सगळे जुने ठोकळे आम्ही शिकवणीच्या वर्गांतून परत आणले आहेत.