खाली डोकं, वर मुळं

टोमॅटोच्या झाडाला कणा नसतो. वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही टोमॅटोच्या प्लॉटवर जा, झाडांच्या आधी डोळ्यांत भरतात त्या काठ्या आणि तारा. झाड हातभर झालं की बांधणी सुरू. फांदी वाढेल तशी सुतळी वरच्या तारेला. एवढा खर्च करून माल बाजारात न्यावा, तर कधी कॅरेटला असा दर की गाडीभाडंही सुटत नाही, आणि कधी २०२३ च्या जुलैसारखा, किलोला शंभराच्या वर. त्या महिन्यात आमच्या आमटीतून टोमॅटो गायब झाला आणि चिंच परत आली. आमटी चिंचेचीच खरी, असं माझं जुनं मत आहे, पण तो वेगळा विषय.

तर, ज्याला उभं राहता येत नाही त्याला लोंबकळतच का ठेवू नये, असा विचार अमेरिकेत कुणीतरी केला. टॉप्सी-टर्व्ही नावाची एक पिशवी तिकडे टीव्हीवरच्या जाहिरातींनी घरोघर पोचवली. वरून माती-पाणी घालायचं, बुडाच्या भोकातून रोप खाली लोंबतं. काठी नको, सुतळी नको, जमिनीतल्या किडींची भीती कमी, आणि जागा तर अजिबातच नको. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटला गॅलरी आहे, गॅलरीला पूर्वेचं ऊन आहे आणि छताला पाळण्याची कडी आहे. मुलं पुण्याला गेली, पाळणा जाऊबाईंकडे गेला, कडी राहिली. पिशवी काही मी आणली नाही. रंगकामातून उरलेली वीस लिटरची बादली होती, तीच घेतली.

बुडाला तापल्या सळईने दोन इंचांचं भोक पाडलं. खरं कौशल्य पुढे. रोपाचा शेंडा कागदात सैलसर गुंडाळायचा, बादलीच्या आतून भोकात सोडायचा आणि खालून अलगद ओढून घ्यायचा. कितीही जपलं तरी पानं चुरगळतातच. मग बोटांना तो टोमॅटोच्या पानांचा उग्र, हिरवा वास लागतो, बोटं आधी पिवळट आणि मग काळपट होतात, आणि साबणाने धुतलं की फेसच हिरवट येतो. भोकातून माती सांडू नये म्हणून स्पंजच्या तुकड्याला मधोमध चीर देऊन तो खोडाभोवती बसवायचा. थोडं खोड मातीत गाडलं गेलं तर उत्तमच, टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळं फुटतात. माती मात्र कृष्णाकाठची काळी नको. ओली झाली की बादली उचलत नाही, वाळली की भेगा पडतात. कोकोपीट, गांडूळखत आणि नावाला माती, हे मिश्रण बरं. तरीही भिजलेली बादली कडीला अडकवायला घरातली दोन माणसं लागतातच. आणि रोप चेरी टोमॅटोचंच घ्यावं. मोठ्या फळांच्या वजनाने लोंबती फांदी मोडते.

हळदीच्या सौद्याला सांगलीत आले की मामा, म्हणजे माझे सासरे, जेवायला आमच्याकडे येतात. त्यांची हयात टोमॅटो बांधण्यात गेलेली. गॅलरीत उभे राहून त्यांनी बादलीकडे बराच वेळ पाहिलं.

"काय चुकलं गं त्याचं, उलटं टांगलंयस ते?"

"मामा, असं लावलं की बांधणी लागत नाही."

"आन् त्याला इचारलंस का?"

झाडाने उत्तर द्यायला सुरुवात केलीच होती. लावल्यावर आठवड्याच्या आत शेंडा आडवा झाला, मग वळला आणि बादलीच्या कडेने सरळ वर निघाला. खोडाला आकडा पडला. मी बादली फिरवून ठेवली, तर नव्या बाजूने पुन्हा वरच. झाडाच्या पेशींमध्ये पिष्टाचे बारीक कण असतात, ते तळाशी बसतात, त्यावरून झाडाला खालची बाजू कळते. खोडात त्या बाजूला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक जास्त जमतं, ती बाजू जास्त वाढते आणि शेंडा आपोआप वर उचलला जातो. मुळांत तेच ऑक्सिन वाढ रोखतं, म्हणून मुळं खाली वळतात. १८०६ साली थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या इंग्रजाने पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून त्यांना चकवायचा प्रयत्न केला होता. चाक जोरात फिरत राहिलं, तर सगळी मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि सगळे कोंब चाकाच्या मध्याकडे. गरगरत्या चाकावरही बिया गोंधळल्या नाहीत, तिथे आमच्या बादलीची काय कथा!

पुढे फळं धरली तशा फांद्या वजनाने खाली आल्या, पण त्यांची टोकं पुन्हा वर. पडवळ सरळ व्हावं म्हणून आपण त्याच्या टोकाला दगड बांधतो, ते पडवळ निमूट ऐकतं. टोमॅटो ऐकत नाही. या बाबतीत तासगावचे द्राक्षवाले शहाणे: मांडवावर वेल, खाली घड. शेंड्याला आभाळ मोकळं ठेवलं की त्याच्याशी भांडणच उरत नाही. टांगल्या टोमॅटोच्या तर डोक्यावर त्याचीच बादली सावली धरून असते.

पाण्याचं दुखणं सर्वांत मोठं. टांगलेली बादली चहूबाजूंनी वाऱ्यावर असते, फेब्रुवारी सरला की सकाळ-संध्याकाळ पाणी हवं. पाण्यात ओढाताण झाली की मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही आणि टोमॅटोचं बूड काळं पडतं. जास्त घातलं की पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखी संततधार लागते. देवळात ती पुण्याची. आमच्याकडे ती खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडते, तीही गांडूळखताच्या रंगाची. काकू हाक मारत नाहीत, फक्त दांडीवरची चादर जरा जोरात झटकतात. मला वर ऐकू येतं. आता बादलीखाली घमेलं असतं, आणि पहिली वाटीभर फळं काकूंकडे गेली.

एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन चाळिशीला टेकलं की फुलं गळतात, आणि असलेल्या फळांना लाली चढत नाही. फार उष्णतेत टोमॅटोचा लाल रंग तयारच होत नाही, फळ नारिंगीवर थांबतं. म्हणून लागवड दसऱ्याच्या आसपास करावी, थंडीत फळं खावीत आणि शिमग्याला बादली उतरवावी.

मामा पुढच्या खेपेला आले तेव्हा झाड लगडलेलं होतं. त्यांनी एक टोमॅटो तोडला, धोतराला पुसला, तोंडात टाकला.

"आंबट हाय," म्हणाले. मग टाचा उंचावून बादलीच्या वरच्या तोंडात डोकावले. तिथली माती उघडी वाळत होती म्हणून मी मूठभर धणे टाकले होते. "कोथमीर झ्याक आलीया की! ही सरळ वाढलीया न्हवं!"

जाताना जुडीभर घेऊन गेले.